साष्टी बेट : दादरच्या पुढची वाट

सहा डिसेंबरला दादरला कधीच गेला नाही असा माणूस आपल्या वस्तीत शोधावाच लागेल. बारामतीहून एस.टी.ने, दौंडहून रेल्वेने, नाही तर कंपनीतल्या चौघांनी वर्गणी काढून ठरवलेल्या जीपने, जसे जमेल तसे आपण जातो. रात्रभर रांगेत उभे राहतो, चैत्यभूमीला वंदन करतो, शिवाजी पार्कच्या मैदानावर पुस्तके, कॅलेंडरे, बाबासाहेबांची प्रतिमा घेतो आणि मिळेल ती परतीची गाडी धरतो. दुसऱ्या दिवशी पाळी असते, खाडा परवडत नाही. हे सगळे खरेच आहे. पण दादरहून लोकलने पाऊण तास पुढे गेले की बोरिवली येते आणि बोरिवलीच्या डोंगरात शंभरावर बौद्ध लेणी आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ठाऊक असले तरी कितीजण मुलाबाळांना घेऊन तिथे गेले आहेत? कान्हेरीचे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, तेवढ्यावरच बहुतेकांचे भागते.

ही लेणी ज्या भूमीवर आहेत ती मुंबईची उपनगरे म्हणून आपण ओळखतो. मुळात ते एक मोठे बेट आहे. त्याचे नाव साष्टी. या अंकात आम्ही वाचकांना त्या बेटाची ओळख करून देणार आहोत.

खाडी ओलांडली की बेट

पुण्याकडून रेल्वेने जाताना कल्याण गेले, पारसिकच्या डोंगरातला लांब बोगदा संपला, की गाडी खाडीवरच्या पुलावरून धडधडत जाते आणि ठाणे स्टेशन येते. तो पूल म्हणजे साष्टी बेटाचे दार. खिडकीशी बसलेल्यांना खाली काळसर पाणी आणि चिखलात उगवलेली तिवरे दिसतात. आपण आता एका बेटावर उतरणार आहोत, हे मात्र कुणाच्या मनातही येत नाही. येणार तरी कसे? पुढे सगळीकडे घरे, चाळी, इमारती आणि माणसांचा समुद्र.

नकाशा समोर घ्या म्हणजे उलगडा होईल. बेटाच्या पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तरेला वसईची खाडी. उल्हास नदी याच खाडीने समुद्राला मिळते. पूर्वेला ठाण्याची खाडी. दक्षिणेला माहीमची खाडी. या चार पाण्यांच्या मध्ये वांद्र्यापासून दहिसर-भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंतचा सगळा मुलूख येतो. माहीमच्या खाडीच्या अलीकडची जी जुनी मुंबई, म्हणजे कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम इत्यादी सात बेटे, ती वेगळी. आपली चैत्यभूमी त्या जुन्या मुंबईत आहे. म्हणजे दरवर्षी आपण साष्टी बेट इकडून तिकडे पार करतो आणि न पाहताच परततो!

साष्टी हे नाव 'षट्षष्टी' म्हणजे सहासष्ट या शब्दावरून आले, सहासष्ट गावांचे बेट म्हणून साष्टी, असे सांगतात. पोर्तुगीजांनी त्याचे आपल्या जिभेने साल्सेट केले. गोव्यातही मडगावचा तालुका साष्टीच आहे, आणि तिथेही हाच सहासष्टचा हिशोब सांगितला जातो. दोन्हींची गल्लत करू नये. त्या सहासष्ट गावांच्या जागी आज काय आहे? नुसत्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत ९३ लाखांवर होती. ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर त्यात धरलेलेच नाहीत. हा उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९९० साली.

बेटाच्या मधोमध उत्तर-दक्षिण डोंगर आहे, आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या कातळाचा. त्यावर दाट जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते हेच, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. इतक्या मोठ्या शहराच्या पोटात जंगल आणि जंगलात बिबटे, असे दुसरीकडे क्वचितच असेल. याच डोंगरातून दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या छोट्या नद्या निघतात. नद्या म्हणायच्या त्या पावसाळ्यापुरत्या, एरवी त्यांचे नाले झाले आहेत. त्या नदी आहेत हे लोक विसरले आणि २६ जुलै २००५ ला पाण्याने आठवण करून दिली. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बारामती-इंदापूरला अख्ख्या वर्षात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आपला जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात! मिठीच्या काठचे कुर्ला, कलिना, वांद्रे पाण्याखाली गेले. नदीचे पात्र दाबून बांधकामे झाली, तिवरे तोडली गेली, त्याची किंमत आधी मोजली ती झोपडीतल्या माणसाने.

तिवरांवरून आठवले. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर जे उंच पायांचे गुलाबी रोहित पक्षी येतात, ते ठाण्याच्या खाडीतही हजारोंनी उतरतात. त्यांच्यासाठी २०१५ साली तिथे अभयारण्य केले. इंदापूर तालुक्यातल्या मुलांना हे पक्षी नवे नाहीत. मुंबईत गेल्यावर ओळखीचे पाहुणे भेटावेत तसे वाटेल.

कृष्णगिरी

आता कान्हेरी. गेल्या हिवाळ्यात आम्ही रुई, तांदूळवाडी, जळोची भागातली काही कुटुंबे मिळून गेलो होतो. बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरले की उद्यानाचे फाटक जवळच आहे. फाटकापासून लेणी सहाएक किलोमीटर आत. जंगलातून रस्ता आहे आणि उद्यानाची बस मिळते. गलका मागे राहतो, झाडी सुरू होते, आणि एका वळणानंतर काळा कातळ दिसू लागतो. या काळ्या डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी. प्राकृतात त्याचे कण्हगिरी झाले, लोकांच्या तोंडी कान्हेरी.

पुरातत्त्व खात्याने इथल्या १०९ लेण्यांना क्रमांक दिले आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास इथे छिन्नी चालू झाली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वस्ती, दान, पूजा, शिक्षण चालू होते. हजार वर्षे! आपल्या पुणे जिल्ह्यात कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर आहेत. ती देखणी आहेत, काही कान्हेरीपेक्षा जुनीही आहेत. पण इतका दीर्घ काळ नांदलेले, एकाच डोंगरावर एवढे पसरलेले ठिकाण दुसरे दाखवता येणार नाही. हे नुसते लेणे नव्हते, ते गाव होते. राहायच्या खोल्या, निजायचे दगडी ओटे, एकत्र बसायचे सभागृह, पाण्याची टाकी, एका लेण्यातून दुसऱ्यात जायच्या कातळातल्या पायऱ्या, आणि दिवंगत थेरांच्या स्मरणार्थ विटांचे लहान स्तूप उभारलेली एक वेगळी जागा, असे सगळे काही तिथे आहे.

प्रथम पाहावे ते तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह. कार्ल्याचे पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल, कारण घडण तीच. कार्ल्याचे १२४ फूट लांब, हे ८६ फूट, खांब ३४. कार्ल्याच्या छताला अजून जुन्या लाकडी कमानी आहेत, इथल्या गेल्या. काही खांबांवर हत्ती आणि स्तूपपूजा कोरलेली आहे, काही खांब तसेच साधे राहिले. काम पुरे व्हायचे राहून गेले. आम्हांला मात्र ते अपुरे खांबच जास्त बोलके वाटले. पाथरवट दुपारी जेवायला गेला आणि परत आलाच नाही, असे काहीतरी. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना भगवान बुद्धांच्या उभ्या मूर्ती आहेत, सुमारे २३ फूट उंचीच्या. त्या नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. मान वर करून पाहावे लागते. आमच्यातली लहान मुले इथे येईपर्यंत माकडांमागे धावत होती. इथे आल्यावर आपोआप गप्प झाली.

दानाच्या पाट्या

पण कान्हेरीचे खरे धन मूर्तीत नाही, अक्षरांत आहे. भिंतीवर, टाक्याच्या काठावर, दाराशेजारी धम्मलिपीत कोरलेले लेख आहेत. बहुतेक लेख दानाचे. आपल्याकडे विहाराला पंखा दिला की त्याच्या पातीवर नाव घालतात, त्याला आपण हसतो. ती चाल फार जुनी आहे!

हे दाते कोण होते? लेणी म्हटली की राजे आठवतात. तुम्ही कुणालाही विचारा, 'अशोकाने बांधली' नाही तर 'राजाने बांधली' असे उत्तर येईल. कान्हेरीचे लेख वेगळेच सांगतात. चैत्यगृहाच्या लेखात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव आहे ते काळ सांगण्यापुरते. चैत्यगृह कोरवले ते दोघा व्यापारी भावांनी. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा, चेऊल म्हणजे आजचे चौल, नाशिक, अशा गावांचे व्यापारी, गृहस्थ, त्यांच्या बायका, आया, मुली यांची नावे आहेत. भिक्षुणींनी दिलेली लेणी आणि टाकी आहेत. आणि एक लेख आहे तो आमच्या मनातून जात नाही. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचा. लेखात लोहाराला 'कमार' म्हटले आहे. त्या नंद कमाराने काय दिले? लेणे दिले नाही, मूर्ती दिली नाही. त्याने वाट दिली. 'पथो देयधम', म्हणजे वाटेचे धर्मदान.

एमआयडीसीत फोर्जिंगच्या खात्यात तापल्या लोखंडापुढे पाळी भरणारे आमचे एक सोबती होते. पुस्तकातून हा लेख मोठ्याने वाचला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याच कामातला की!" आणि पुढे दिवसभर जिथे जिथे कातळात पायरी दिसली, तिथे ते वाकून पाहत होते.

चैत्यगृहाच्या त्याच लेखात शेवटी काम करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. दगडाचे काम करणारे 'सेलवढकी', घासून गुळगुळीत करणारे 'मिठिक', देखरेख ठेवणारे वेगळे. आपण ज्याला आज कटिंग, ग्राइंडिंग, पॉलिशिंग आणि सुपरवायझर म्हणतो, त्या सगळ्यांची दखल अठराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे. ज्यांनी हात झिजवले त्यांच्या कामाचे नाव मालकाच्या नावाशेजारी कोरावे असे तेव्हाच्या संघाला वाटले. आजच्या किती इमारतींवर गवंड्याचे नाव सापडेल?

दान द्यायची रीतही व्यवहारी होती. नुसते लेणे कोरून दिले आणि विसरले असे नव्हे. शेताचे उत्पन्न किंवा ठेवीचे व्याज भिक्षूंच्या खर्चाला लावून देत. त्या कायम ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. कुणी चिवरासाठी सोळा कार्षापण, कुणी पादत्राणासाठी वेगळी रक्कम असे ठरवून दिलेले आहे. पावसाळ्यात जंगलातल्या वाटेवर अनवाणी पायाला काय होते, हे देणाऱ्याला ठाऊक होते. एका लेखात मागाठाणे गावातल्या शेताचे दान आहे. ते मागाठाणे आज बोरिवलीतला बसचा थांबा म्हणून लोकांना माहीत आहे. पुढे नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात गौड देशाच्या, म्हणजे बंगालकडच्या, अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म ठेव दिली. त्याच काळच्या दुसऱ्या दानात डागडुजी, चिवरे आणि पुस्तके यांसाठी रक्कम वाटून दिली आहे. पुस्तकांसाठी! त्या अकराव्या लेण्यात, जिथे हे नवव्या शतकातले लेख आहेत, लांबच लांब दगडी बाकांच्या दोन ओळी आहेत. लोक त्याला दरबार हॉल म्हणतात. दरबार कसला, शाळेच्या वर्गात बसावे तसे भिक्षू तिथे बसत असतील.

१८३९ साली इंग्रजांच्या काळात चैत्यगृहासमोरचा स्तूप खोदला, तेव्हा अवशेषांबरोबर ताम्रपट निघाला. तो इसवी सन ४९४ चा. त्यात या जागेला 'कृष्णगिरी महाविहार' म्हटले आहे आणि सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाच्या दानाची नोंद आहे. आणखी एक नवल नव्वदाव्या लेण्यात आहे. तिथे इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपल्या पहलवी भाषेत नावे कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीचे ते प्रवासी. त्यांना इतिहास म्हणायचे आणि बदामात बाण काढून स्वतःचे नाव खरवडणाऱ्या आजच्या पोरांना काय म्हणायचे, असा प्रश्न आमच्यातल्या एका मुलीने विचारलाच. उत्तर सोपे आहे : तेव्हा ते राहते विहार होते, आज ती सगळ्यांची ठेव आहे, आणि कायद्याने तो गुन्हा आहे.

एकेचाळीसाव्या लेण्यात अवलोकितेश्वराची अकरा मुखांची मूर्ती आहे. दगडातली तशी दुसरी भारतात नाही असे अभ्यासक सांगतात. लहान मुले पाय दुखतात म्हणून कुरकुरतील, तरी तिथवर चढून जावे.

पाण्याची कथा

आम्ही दुष्काळी भागातली माणसे, आमचे लक्ष पाण्याकडे आधी जाणार. मुंबईकडे वर्षाला बावीसशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस, मग टाकी कशाला, असे आम्हांला आधी वाटले होते. पण तो पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उघड्या कातळावरून धावत समुद्राला मिळतो. उरलेले आठ महिने प्यायचे काय? म्हणून लेण्याच्या माथ्यावर कातळात बारीक पन्हाळी खोदली, पाणी दाराशी आणले आणि बाजूच्या टाक्यात साठवले. जवळपास प्रत्येक विहाराला त्याचे स्वतःचे टाके. आजच्या भाषेत छतावरच्या पाण्याची साठवण, आपल्याकडच्या शेततळ्याची थोरली बहीण. आमच्याबरोबरच्या एका आजी टाक्याच्या काठावर बसून राहिल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आडावर हात लावायला मज्जाव होता, आणि हितं सोनारानं दिलेलं पाणी सगळ्यांना." महाडचे चवदार तळे १९२७ सालचे. त्याआधी सतराशे वर्षे या डोंगरावर पाणी हे धर्मदान होते, हे आजींनी कुठल्याही व्याख्यानाशिवाय ओळखले.

पाण्याची ही परंपरा बेटावर पुढेही चालली, मात्र दुसऱ्या तऱ्हेने. मुंबई शहराला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले ते याच डोंगरातल्या विहार तलावाचे, १८६० साली. पुढे १८७९ ला तुळशी तलाव झाला. आज मुंबईची तहान भातसा, वैतरणा या दूरच्या धरणांवर भागते, पण तुळशी आणि विहारचे पाणी अजून घेतात.

मालक बदलत गेले

सत्तेचा इतिहास थोडक्यात सांगून टाकू. सातवाहन, त्रैकूटक, राष्ट्रकूट, शिलाहार, गुजरातचे सुलतान असे धनी होत गेले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षे त्यांचा अंमल होता. बोरिवलीजवळ मंडपेश्वराचे शैव लेणे आहे, तिथे त्यांनी वरती चर्च बांधले, लेण्यातही प्रार्थना चालवली. भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. १७३७ ला मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. ज्या किल्ल्यासाठी ही झुंज झाली, तिथे आज ठाण्याचे कारागृह आहे.

बेट 'बेट' राहिले नाही ते इंग्रजी अमदानीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवकडून बांध झाला. माहीम-वांद्रे खाडीत होड्या उलटून माणसे मरत, म्हणून तिथे बांध हवा होता. सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली तो रस्ता खुला झाला. कान्हेरीच्या लोहाराची वाट आणि ही वाट, एकाच बेटावरची दोन दाने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली, पुढल्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला गेली.

रेल्वेमागून गिरण्या, कारखाने आणि आपली माणसे आली. घाटावरच्या दुष्काळांनी, विशेषतः बाहत्तरच्या दुष्काळाने, किती कुटुंबे कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडला जाऊन राहिली याची मोजदाद नाही; आपल्या प्रत्येकाचा कुणीतरी मामा, आत्या तिकडे आहे. दलदलीवर, डोंगरउतारावर त्यांनी वस्त्या उभ्या केल्या, प्रत्येक वस्तीत एक विहार उभा केला. बेटाचा इतिहास सांगताना घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वसाहत वगळून चालणार नाही. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निषेधाला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहाजण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चार दिवसांनी मुलुंडच्या शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. ही काही सहलीची जागा नव्हे. पण पूर्व द्रुतगती मार्गावरून मुंबईत शिरताना घाटकोपरला ही वसाहत लागते, तेव्हा मुलांना नाव सांगावे.

आणखी काय पाहावे

ज्यांना लेण्यांची गोडी लागेल त्यांनी अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी, म्हणजेच कोंडिवटे, पाहावीत. एकोणीस लेणी आहेत. नाव महाकालीचे असले तरी लेणी बौद्ध आहेत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत कोरून तिला जाळीची खिडकी ठेवली आहे. कुडाच्या झोपडीचा दगडी नमुनाच म्हणा. मागाठाण्याची बौद्ध लेणी मात्र पाहून वाईट वाटते. चारी बाजूंनी घरे चढली आहेत, कोरीवकाम झिजले आहे. जोगेश्वरीचे शैव लेणे आकाराने मोठे आहे, वेळ असल्यास जावे. जुहूची चौपाटी, वांद्र्याचा माउंट मेरी, गोरेगावची फिल्मसिटी ही नावे मुलेच काढतील. समुद्र न पाहिलेल्या मुलाला चौपाटी दाखवण्यात काही कमीपणा नाही.

बोरिवली पश्चिमेहून गोराईला होडीने खाडी पार करून गेले की जागतिक विपश्यना पॅगोडा लागतो. तो २००९ साली खुला झाला. ३२५ फूट उंच, आणि आत आठ हजार माणसे ध्यानाला बसतील एवढा घुमट, पण मध्ये एकही खांब नाही. दगडात दगड अडकवून तो तोलला आहे. आत ध्यान चालू असले तर बाहेरून काचेतून पाहता येते. कान्हेरी सकाळी आणि पॅगोडा दुपारी, असा एक दिवस चांगला लागतो.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात. सहा डिसेंबरला जोडून बेत करणार असाल तर आधी वार पाहा. डबा आणि पाणी घेऊन जा, पण पिशवी उघडी हातात धरू नका, माकडे ओढून नेतात. म्हाताऱ्या माणसांनी खालची अकरा लेणी पाहिली तरी पुष्कळ झाले, वरच्या पायऱ्या घसरट आहेत. मुलांना निघण्याआधी आठवडाभर धम्मलिपीची थोडी अक्षरे शिकवा. अशोकाच्या वेळचे वळण सोपे आहे : 'क' म्हणजे अधिकाची खूण, 'ठ' म्हणजे पूर्ण वर्तुळ, त्यात टिंब दिले की 'थ', 'ध' म्हणजे ताणलेले धनुष्य. कान्हेरीत वळणे थोडी बदललेली आहेत, तरी दोन-चार अक्षरे लागतात. लेख वाचायला तिरपे ऊन बरे, भर दुपारी अक्षरे कातळात बुडून जातात. वही-पेन्सिल मुलांच्या हाती द्या, पण कागद दगडावर ठेवून घासू देऊ नका. लेखाचा ठसा घ्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.